बेस कच्चा आहे

दहावीचा शेवटचा पेपर देऊन मूल परीक्षेतून सुटतं आणि नातेवाइकांच्या तावडीत सापडतं. निकालाला अवकाश असतो, अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशफेऱ्यांना त्याहून अवकाश असतो आणि कॉलेजचे तास खरोखर सुरू होईतो निम्मा पावसाळा सरलेला असतो. एवढे दिवस घरात एक धडधाकट मूल नुसतं लोळत पडलंय, हे दृश्य मराठी मध्यमवर्गाला बघवत नाही. पूर्वी या सुट्टीत टायपिंगच्या क्लासला घालत. मग एमएस-सीआयटी आली. हल्ली बेस पक्का करून घेतात.

हा बेस नेमका कुठे असतो ते कोणी सांगत नाही, पण तो कच्चा असतो यावर सगळ्यांचं एकमत असतं. साताऱ्याच्या माझ्या भाचीने अकरावीला बायोलॉजी घ्यायचं ठरवलं, आणि तेव्हापासून त्या घरात चहा मागितला तरी आधी बेसची चौकशी होऊ लागली.

बायोलॉजी आवडतं म्हणून कोणी बायोलॉजी घेतल्याचं माझ्या ऐकिवात नाही. गणित झेपत नाही म्हणून घेतात. घरात डॉक्टर आहे म्हणून घेतात आणि घरात डॉक्टर नाही म्हणूनही घेतात. भाचीच्या बाबतीत हे शेवटचं कारण होतं. शिवाय लहानपणी ती कोंबडी कापताना तोंड फिरवत नसे, हा पुरावा दाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला देत. गणितही राहू द्यावं असं कोणीतरी सुचवलं. पीसीएमबी घेतलं की म्हणे दोन्ही दारं उघडी राहतात. दोन्ही दारं उघडी ठेवली की पोर दोन वर्षं वाऱ्यावर राहतं, हे सांगणारा मात्र कोणी भेटला नाही.

आता पूर्वतयारीचं म्हणाल, तर पोरगी मराठी माध्यमाची. दहावीच्या विज्ञान भाग दोनचा चाळीस मार्कांचा पेपर, एवढीच तिची जीवशास्त्राची पुंजी. त्या पुस्तकात अनुवंशिकता, पेशीविज्ञान आणि प्राण्यांचं वर्गीकरण यांच्याच पंगतीला हरित ऊर्जा आणि आपत्ती व्यवस्थापनही बसलेलं असतं. तिचं ज्ञान ‘फरक स्पष्ट करा’ आणि ‘शास्त्रीय कारणे द्या’ या दोन कप्प्यांत व्यवस्थित घडी घालून ठेवलेलं होतं. अर्धगुणसूत्री विभाजनाच्या अवस्था तिला क्रमाने पाठ होत्या. ते विभाजन शरीरात कुठे आणि कशासाठी होतं, हे पेपरात आलं नव्हतं, त्यामुळे तो प्रश्न तिच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता. प्रजननाचा धडा बाईंनी परंपरेप्रमाणे ‘घरी वाचून या’ म्हणून सोडला होता, आणि घरच्यांनी तो शाळेत झाला असेल असं परंपरेप्रमाणेच गृहीत धरलं होतं.

मग तयारीला सुरुवात झाली. म्हणजे बाकीच्यांच्या.

दाजींनी आधी हिशोब मांडला. नीटला प्रश्न १८०, मार्क ७२०. फिजिक्सचे ४५ प्रश्न, केमिस्ट्रीचे ४५ आणि बायोलॉजीचे ९०. बरोबर उत्तराला चार मार्क, चुकीच्या उत्तराला एक मार्क वजा. ‘‘म्हणजे नुसत्या बायोलॉजीला ३६०. निम्मी डॉक्टर तर ती इथंच झाली,’’ असं म्हणून त्यांनी वही मिटली. उरलेली निम्मी कशी व्हायची हा प्रश्न फिजिक्सवर सोपवण्यात आला.

समोरच्या ब्लॉकमधले काका आले. त्यांचा मुलगा रिपीटर बॅचला आहे, त्यामुळे सल्ला देण्याचा त्यांचा अधिकार दरवर्षी वाढतो. ‘‘एनसीईआरटी म्हणजे गीता,’’ ते म्हणाले. ‘‘लाइन बाय लाइन पाठ पाहिजे. पण त्याआधी बेस.’’ लातूरच्या एका आतेभावाचा फोन आला. तिकडची मुलं म्हणे अकरावीत पाऊल टाकण्याआधीच अकरावी संपवतात. मग कॉलेजात जाऊन काय करतात, असं मी विचारलं. ‘‘बारावी,’’ तो म्हणाला.

क्लासचं ऑफिस बघायला मीही गेलो होतो. भिंतभर मुलांचे फोटो आणि खाली मार्क. आत थंडगार खोलीत एक काउन्सेलर. मुलगी मराठी माध्यमाची आहे, बायोलॉजीचा बेस काहीच नाही, असं ताईने खाली मान घालून सांगितलं. एरवी दाखल्याच्या खिडकीवर अशी कबुली दिली की समोरचा माणूस आठ्या घालतो. या बाईंचा चेहरा उजळला. ‘‘काळजी करू नका मॅडम, आमच्याकडे झिरोपासूनच घेतात.’’ फी मात्र झिरोपासून नव्हती. त्यावर स्कॉलरशिप होती. तिची एक परीक्षा होती, आणि त्या परीक्षेला बसलेल्या प्रत्येक मुलाला स्कॉलरशिप मिळाली, इतकी ती बॅच हुशार निघाली.

पुस्तकांचा प्रश्न ओळखीतल्या एका सीनियर मुलीने सोडवला. तिने आपली जुनी एनसीईआरटी दिली. त्यात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ओळ न् ओळ पिवळ्या हायलायटरने रंगवलेली होती. मधूनच एखादी ओळ पांढरी राहिली होती, ती तेवढी डोळ्यांत भरायची. भाचीने त्या पांढऱ्या ओळीच महत्त्वाच्या समजून वहीत उतरवल्या. कोणीतरी ट्रूमन आणून दिलं, कोणीतरी हजारावर पानांचं कॅम्पबेल. ती दोन पुस्तकं टेबलावर आल्यापासून टेबल हलायचं थांबलं, एवढा बेस मात्र पक्का झाला.

प्रॅक्टिकलला लागणारा पांढरा एप्रन दाजींनी प्रवेशाआधीच घेऊन टाकला. तो घालून काढलेला फोटो ‘भावी डॉक्टर’ अशा मथळ्याखाली घरच्या ग्रुपवर पडला. अभिनंदनाचे अंगठे येईपर्यंतच कोल्हापूरच्या आत्यांचा मेसेज आला : ‘बाळा, गुडघ्याला काय लावू?’

एवढं सगळं झाल्यावर मग एके दिवशी दुपारी, घरात दुसरं काही करण्यासारखं उरलं नाही म्हणून, भाचीने पुस्तक उघडलं.

जीवशास्त्राची सुरुवात साध्या प्रश्नापासून होते : सजीव कशाला म्हणायचं? जो वाढतो तो? डोंगरही वर माती साचून वाढतो. जो पिल्लं देतो तो? मग खेचराचं काय, आणि मधमाश्यांच्या पोळ्यात आयुष्यभर राबणाऱ्या कामकरी माश्यांचं काय? भाची एकेक व्याख्या मोठ्याने वाचत होती आणि पुढच्या ओळीत ती मोडून पडत होती. शेवटी ज्याच्या आत रासायनिक क्रिया चालतात आणि जो आजूबाजूच्या बदलाला प्रतिसाद देतो तो सजीव, इथवर गाडी आली. ताई स्वयंपाकघरातून दोनदा चहाला हाक मारून गेली होती. दाजी पेपरातून मान वर काढत नव्हते. ‘‘प्रतिसाद नाही,’’ एवढंच भाचीने माझ्याकडे बघून म्हटलं. मला तेव्हाच वाटलं, हिला हा विषय जमेल.

पुढचं पान वर्गीकरणाचं. पुस्तक इंग्रजी, म्हणून तिने शाळेतले मराठी शब्द समासात लिहून घेतले आणि घोकायला बसली : सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. कोपऱ्यात लसूण सोलत बसलेल्या आजी कान टवकारून म्हणाल्या, ‘‘आगं, गण-कुळ बघायला लागलात, पोरगी आत्ता कुठं दहावी झाली! कुठलं स्थळ हाय?’’ स्थळ स्वीडनचं होतं. कार्ल लिनियस नावाच्या माणसाने १७५३ साली झाडांना दोन-दोन शब्दांची लॅटिन नावं लावायची पद्धत रुळवली, तेव्हापासून जगभर आंबा हा मँगिफेरा इंडिका आहे. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा, आणि हाताने लिहिताना दोन्ही शब्दांखाली वेगवेगळी रेघ. रेघ विसरली की मार्क गेला.

या आजी म्हणजे ताईच्या सासूबाई. शाळा चौथीत सुटली, पुढची सगळी वर्षं शेतात. बेसच्या चर्चेत त्यांना कोणी धरलेलंच नव्हतं. पण भाचीचा अभ्यास जसजसा पुढे सरकायला लागला, तसतसं माझ्या लक्षात आलं की या घरात बेस असलेली व्यक्ती एकच आहे, आणि ती लसूण सोलते आहे.

बटाटा हे खोड आणि रताळं हे मूळ, यावर भाची अडली. दोन्ही जमिनीखाली, दोन्ही उपासाला चालतात, मग एक खोड आणि एक मूळ कसं? आजींनी टोपलीतला बटाटा उचलून तिच्या हातात दिला. ‘‘ह्यो डोळा बघ. बटाटा लावायचा तर फोड करताना परत्येक फोडीला डोळा ठेवावा लागतो. तिथनंच कोंब येतो. रताळ्याला असला डोळा कुठाय? त्याचा वेल तोडून लावत्यात.’’ पुस्तकात नेमकं हेच होतं. डोळा म्हणजे पेरावरची कळी, आणि पेरं ही खोडाला असतात, मुळाला नसतात. मग भाचीने हळद आणि आलं तपासून खोडाच्या रकान्यात टाकलं, भुईमुगाची शेंग जमिनीखाली सापडूनही फळाच्या रकान्यात टाकली, आणि कांदा उभा चिरून तळाशी जी चपटी चकती असते तेवढंच खोड, बाकी सगळी पानं, हे ताईला दाखवायला गेली. ताईने तो कांदा पोह्यांत घातला.

मे महिना असल्याने लोणचं घालणं चालूच होतं. चिरलेल्या कैरीला रात्री मीठ-हळद चोळून ठेवली, सकाळी पातेल्यात बोटभर पाणी. शाळेत ‘परासरण म्हणजे काय’ याचं उत्तर भाचीने पाच ओळींत लिहून पुरे मार्क मिळवले होते, पण त्या उत्तरात कैरी नव्हती. बाहेर मीठ जास्त, म्हणून पेशींमधलं पाणी पटलातून बाहेर आलं आणि फोड आक्रसली. ‘‘मीठ लावल्यावर पाणी सुटणारच की,’’ आजी म्हणाल्या, ‘‘त्यात शिकायचं काय?’’ अकरावीच्या इंग्रजी पुस्तकातला प्लाझ्मोलिसिस हा भयंकर शब्द त्या सकाळी पातेल्यातच सुटला.

आजींचं सगळंच बरोबर असतं असं मात्र नाही. फार दिवसांनी उगवणाऱ्या माणसाला आपण उंबराचं फूल म्हणतो, आणि आजी मला तसं आल्या-आल्या म्हणाल्याही होत्या. उंबराला फूल येतच नाही, आलं तर मध्यरात्री येतं आणि ते दिसेल तो राजा होतो, अशी त्यांची पक्की समजूत. भाचीने दत्ताच्या देवळामागच्या झाडाखालून एक कच्चं उंबर उचलून आणलं आणि विळीवर मधोमध चिरलं. आतल्या पोकळीला चहूबाजूंनी बारीक बारीक फुलं चिकटलेली, दाटीवाटीने, शेकड्यांनी. आपण उंबराचं फळ म्हणतो ती फुलांनी भरलेली बंद कुपी. तिच्या टोकाच्या बारीक छिद्रातून इवल्याशा गांधीलमाश्या आत शिरतात आणि परागीभवन उरकतात. आजींनी चष्मा लावून पाहिलं आणि बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, ‘‘आता राजा कोण व्हायचं? मी का तू?’’

खरी परीक्षा झुरळाने घेतली. राज्य मंडळाच्या अकरावीच्या पुस्तकात झुरळावर एक अख्खा धडा आहे. पूर्वी प्रॅक्टिकलला मुलं झुरळ आणि बेडूक फाडत, ते आता बंद झालं, त्यामुळे झुरळ फक्त पुस्तकात आणि मोरीत भेटतं. रात्री मोरीपाशी एक निघालं. आजींनी चप्पल उचलली, तेवढ्यात भाची किंचाळली, ‘‘आजी थांब! नर की मादी ते बघू दे.’’

‘‘मेल्याचं नर-मादी बघून बारसं करायचंय का?’’

‘‘शेपटीकडे चार काट्या असल्या तर नर, दोनच असल्या तर मादी. दोन सगळ्यांना असतात. मधल्या दोन फक्त नराला.’’

झुरळ एवढा वेळ थांबलं हेच विशेष. आजींची चप्पल बसली ती नेमकी डोक्यावर. डोकं गेलं, पण पाय हलत राहिले. आजी दुसऱ्यांदा चप्पल उगारत होत्या आणि भाची उकिडवी बसून सांगत होती : झुरळाचं हृदय तेरा कप्प्यांचं असतं. रक्त लाल नसतं. श्वास नाकाने घेत नाहीत, अंगाच्या दोन्ही बाजूंना छिद्रांच्या दहा जोड्या असतात, त्यातून हवा आत जाते. म्हणून डोकं उडालं तरी झुरळ आठवडाभर जगू शकतं.

‘‘आठवडाभर?’’ आजी म्हणाल्या. ‘‘आपल्या भावकीत बिनडोक्याची पन्नास-पन्नास वर्सं जगल्यात.’’

झुरळाचा धडा त्या रात्री संपला. त्यातलं काही पुन्हा पाठ करावं लागलं नाही.

समोरच्या काकांना हे पटलं नाही. बटाटे, कैऱ्या आणि झुरळं यांतून बेस होत नसतो, त्याला सिस्टिम लागते, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना म्हटलं, काका, हा विषय उभा केला कोणी ते बघा. डेल्फ्टचा लेव्हेनहूक कापडाचा व्यापारी होता. विद्यापीठ पाहिलेलं नाही, त्या काळच्या विद्वानांची लॅटिन येत नाही. आपल्या हाताने भिंगं घासून त्यातून त्याने तळ्याचं पाणी पाहिलं, स्वतःच्या दातांवरचा मळ पाहिला आणि सूक्ष्मजीव जगाला दाखवले. मेंडेल हा शिक्षकी परवान्याच्या परीक्षेत नापास झालेला पाद्री. मठाच्या बागेत वाटाणे लावून त्याने १८६६ साली अनुवंशिकतेचे नियम छापले. डीएनएची रचना १९५३ साली मांडणाऱ्या दोघांपैकी फ्रान्सिस क्रिक मूळचा फिजिक्सचा. इतक्या लांब कशाला, आपल्या दुर्गाबाई भागवतांच्या बहीण कमला सोहोनी. मुंबई विद्यापीठातून केमिस्ट्री आणि फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाल्या. बाई आहे म्हणून बंगळुरूच्या संस्थेने आधी दार बंद केलं, ते त्यांनी हट्टाने उघडायला लावलं. पुढे केंब्रिजला बटाट्यात सायटोक्रोम सी शोधून १९३९ साली डॉक्टरेट मिळवली. बायोलॉजीचा बेस नव्हता, बटाटा होता.

काका थोडा वेळ विचारात पडले. मग म्हणाले, ‘‘पण त्या वेळी निगेटिव्ह मार्किंग नव्हतं.’’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि काकांचा मुद्दा अगदीच खोटाही नाही. नीटला कैरी कामाला येत नाही. तिथे चार पर्याय असतात आणि बायोलॉजीच्या ९० प्रश्नांना मुलं पाऊण तासाहून फार जास्त वेळ देत नाहीत. पाठांतर लागतंच, आणि ते कंटाळवाणं असतंच. पण नाव आधी आणि वस्तू कधीच नाही, अशा पाठांतराला नुसती जिद्द लागते. वस्तू आधी पाहिली असेल तर नाव लवकर चिकटतं, एवढाच फरक.

भाचीची तयारी सुट्टीअखेर कशी झाली तेही सांगतो, कारण त्यात गुपित काही नाही. पेशीचा धडा तिने सगळ्यांत आधी घेतला, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. प्राण्यांच्या संघांची लांबलचक यादी मागे ठेवली, कारण जून उजाडेपर्यंत ती विसरणारच होती. जैवरेणूंच्या धड्याआधी दहावीच्या भाग एकमधलं कार्बनचं प्रकरण पुन्हा वाचलं. केमिस्ट्री न येता प्रथिनं आणि विकरं समजत नाहीत, हे तिला क्लासच्या कुठल्याही पत्रकात छापलेलं सापडलं नव्हतं. इंग्रजी शब्द तोडून बघायची सवय लावली : सायटो दिसलं की पेशी, लायसिस दिसलं की विघटन. पुस्तक मिटून सुबक व नामनिर्देशित आकृती काढायची आणि मग पुस्तक उघडून आपण काय विसरलो ते बघायचं, हे तिला शाळेने शिकवलेलं सर्वांत उपयोगी काम निघालं. तिची तंतुकणिका आधी शेंगदाण्यासारखी यायची. आता त्यात घड्याही दिसतात.

क्लासही लावला. झिरोपासून घेतात म्हणाले होते, तसं घेतलं. पहिल्याच तासाला सरांनी फळ्यावर कुठलंसं चित्र काढलं आणि हे काय म्हणून विचारलं, तर शंभर मुलांच्या वर्गात एकीनेच सांगितलं : उंबराचं फूल. सरांनी विचारलं, बेस कुठे केलास? ती म्हणाली, विळीवर.

तेव्हा यंदा ज्यांच्या घरात अकरावीचं बायोलॉजी येणार आहे, त्यांना हात जोडून एकच विनंती. एप्रन घ्या, टेबल घ्या, क्लास लावायचा तर जरूर लावा; तुमच्या मनाच्या शांतीसाठी ते आवश्यकच आहे. पण मुलाला रोज तासभर पुस्तक वाचू द्या, तासभर आकृत्या काढू द्या, मोरीत झुरळ दिसलं तर मिनिटभर बघू द्या, आणि तेवढा वेळ बेसबद्दल काही बोलू नका. तो तेवढ्यात पक्का होतो.